खांबांची टोपणं

आई, सकाळपासून माझं सारखं खाली-वर चाललंय. लिफ्टने बागेत उतरते, कुंपणाच्या खांबांवरची टोपणं हाताने दाबून बघते, वर येते, पुन्हा उतरते. लेक झोपली आहे, तिच्या कुशीत नात झोपली आहे. मला मात्र एका जागी बसवत नाही. तू गेलीस त्यालाही आता किती वर्षं झाली; तुझ्या मागून आपली डिलाईल रोडची चाळही गेली. तिथे टॉवर झालाय आणि आम्ही जुने भाडेकरू त्याच्याच एका अंगाला राहतो.

चाळीमागची तुझी बाग म्हणजे मोरीच्या पाण्यावर वाढलेलं अळू, गवती चहा आणि एक जास्वंद. जुन्या खिडक्यांच्या लाकडाचे खांब ठोकून तू तिला कुंपण केलं होतंस. गिरणीतल्या माणसांची तुझी खानावळ, त्यामुळे घरात रोज नारळ फुटायचे. बाकीच्या बायका करवंट्या चुलीत घालत, तू त्यातल्या चांगल्या निवडून खांबांवर पालथ्या घालायचीस. बाबा हसायचे, खांबांनाही टोप्या चढवल्यास की काय म्हणून. एकदा भातुकलीसाठी मी त्या काढून आणल्या, तर तू आमटीची पळी हातात तशीच घेऊन बाहेर आलीस. "खंयसून काढलंस थंय ठेव आधी. पाणी टकलेतसून आत जाता, मगे खांब कुसता." डोक्यातून पाणी शिरून खांब कुजेल याची तुला एवढी धास्ती. मी रडत रडत त्या परत घालतेय, उघड्या लाकडाचं कुसळ तळव्यात घुसतं, आणि तू मला उंबऱ्यावर बसवून सुईने ते काढतेस. ओरडणं मात्र चालूच.

यंदा पावसाळ्याच्या आधी सोसायटीने खाली छोटी बाग केली. कुंपणाला लोखंडी पाइपचे खांब, आतून पोकळ, वरून उघडे. आमचा सेक्रेटरी आपल्या चाळीतलाच, आपल्याच मजल्यावर वाढलेला. मी त्याला म्हटलं, यांना टोपणं बसवून घे. तो म्हणाला, "ताई, टोपणं म्हणजे नुसता शो. आधी झाडं तर लावू दे." मीटिंगमध्ये मी पुन्हा उठले. म्हटलं, शो नाही रे, पाइपात पाऊस शिरला की तो आतून गंजतो आणि तिथे रंगाचा ब्रश पोचत नाही. पोरं धरून चढतात, कापलेल्या कडेने हात फाटतील. आणि पाणी साचलं की डास. मागून कुणीतरी म्हणालं, "काकूंना करवंट्या आणून द्या!" करवंट्यांची गोष्ट मीच कौतुकाने सगळ्यांना सांगितली होती ना. सगळे हसले, मीही हसले. विषय तिथेच राहिला.

ऐन पावसात लेक कॉटन ग्रीनच्या सासरहून बाळंतपणाला माझ्याकडे आली. जेमतेम दोन दिवस झाले असतील, ती तापाने फणफणली. डेंग्यू. परळच्या हॉस्पिटलात नेलं. प्लेटलेट खाली खाली जातायत, पोटात सातव्या महिन्याचं बाळ, आणि मी बाहेरच्या बाकावर. कुणी पांढऱ्या कोटातलं दिसलं की उठते, पुन्हा बसते. तेवढ्यात शेजारणीचा फोन. पालिकेची डासवाली माणसं आली होती, त्यांनी खांबांत टॉर्च मारला तर आत पाणी, आणि पाण्यात अळ्या वळवळतायत. मी तिथूनच सेक्रेटरीला फोन लावला आणि सगळ्यांच्या देखत ओरडले, "तुझ्या उघड्या पाइपांनी माझी पोर मरायला टेकलीय!" संध्याकाळी तो शहाळी घेऊन आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. मी बस म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः खांबांतलं पाणी उपसलं, लोहार चाळीच्या बाजारातून टोपणं आणली आणि रबरी हातोड्याने एकेक ठोकून बसवली. शेजारीण सांगत होती, कुणाला हातही लावू दिला नाही त्याने.

लेक बरी झाली. घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, माहेरी कधी आलात? तिने सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग डास तुम्हाला सासरीच चावला असणार. चावल्यावर ताप यायला दोन दिवसांहून जास्त जातात." लेक औषधांची पिशवी भरत होती, तिचं लक्ष नव्हतं. माझं होतं.

पुढे नात झाली, अगदी ठणठणीत. शेजारच्या बिल्डिंगवाले आमचे खांब बघून गेले, त्यांनीही टोपणं बसवली. ते चांगलंच झालं. अळ्या खऱ्या होत्या, आज नाही तर उद्या कुणाला तरी बाधल्याच असत्या. असं मी स्वतःला समजावते आणि पुन्हा खाली जाते. मघाशी लिफ्टपाशी सेक्रेटरी भेटला. चेहरा उतरलाय बिचाऱ्याचा. माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाळ बरं आहे ना, ताई? मी तेव्हाच तुमचं ऐकायला हवं होतं." तोंडापर्यंत आलं होतं गं. लिफ्टचं दार उघडलं आणि मी नुसती मान हलवली.

हा कागद मी घडी करून गाद्यांखाली ठेवीन, कुणाला दाखवणार नाही. ताप त्या खांबांतून आला नव्हता, आई. तुला सांगितलं. त्याला सांगायचं तर त्या दिवशीचं माझं ओरडणं परत घ्यावं लागेल, आणि ते अजून मला घ्यावंसं वाटत नाही.