मढ्यांचा शिनेमा

गुरुजी, गावच्या मंडईच्या जत्रेला तुम्ही शाळेत दाखवलेला तो मढ्यांचा शिनेमा परवा मी पुन्हा पाहिला. इथे चंद्रपुरात, भरदुपारी, पंख्याखाली बसून, मुलीच्या मोबाईलवर. खाली हिंदीत अक्षरं येत होती, त्यामुळे ती माणसं नक्की काय बोलतात ते पहिल्यांदाच कळलं, आणि मला हसू आवरेना. तुम्ही आम्हाला जे सांगितलं होतं, त्यातलं जवळजवळ काहीच ती बोलत नव्हती! मुलगी म्हणाली, "आई, भुताचा पिक्चर हाये हा, तू हसून काऊन राह्यली?" तिला काय सांगणार, मी तुमच्या इंग्रजीला हसत होते.

त्या वर्षी दिवाळीनंतरच्या मंडईला ठरलेली नाटकमंडळी आलीच नाही. गावची मंडई कोरडी जाऊ नये म्हणून तुम्ही तालुक्याच्या मूल गावाहून टीव्ही आणि व्हिडिओ बैलबंडीत घालून आणलात. सांगितली होती देवाची कॅसेट. दुकानदारानं डबा देवाचा दिला आणि आत निघाली मढी. वर्गाच्या खिडक्यांना बांबूचे तट्टे लावून अंधार केलेला, बाया नारळ-उदबत्त्या घेऊन पुढे बसलेल्या, आणि पडद्यावर कबरस्तान. दुसरा कुणी असता तर बटण बंद करून मोकळा झाला असता. तुम्ही छडी घेऊन टीव्हीच्या बाजूला उभे राहिलात आणि सांगायला लागलात, "हे मेलेले लोकं हायेत. काऊन उठले? भूक लागली म्हणून. यायच्या घरच्यायनं यायच्या नावानं घासच नाई काढला." झालं! बायांना सगळा शिनेमा कळला. साहेबाच्या देशात पितरांना जेवू घालत नाहीत, त्याचे हे भोग. एक म्हातारी उठून घरी गेली, पत्रावळीवर भात-वरण घेऊन आली आणि टीव्हीपुढे ठेवून हात जोडले. मी खुदकन हसले, तशी तुमची छडी माझ्या शेजारी जमिनीवर आपटली. "भुकेल्याले वाढून राह्यली बाई. त्यात हासासारखं काय हाये?" ते बोलणं मला तेव्हा फार लागलं होतं.

शिनेमाच्या शेवटी मात्र तुम्ही अडखळलात. घरात कोंडलेली माणसं एकमेकांशी भांडून संपली होती. एकटा एक काळा माणूस मढ्यांशी झुंजून सकाळपर्यंत जिवंत राहिला. सोडवायला आलेल्या बंदुकवाल्या गोऱ्यांनी त्याला खिडकीत पाहिलं आणि मढं समजून गोळी घातली. मागून कुणीतरी विचारलं, "काऊन मारला जी त्याले? जिता होता नं?" तुम्ही आधी टीव्ही बंद केलात. मग म्हणालात, "त्यायनं आवाजच नाई देल्ला त्याले. देल्ला असता, त् त्यानं ओ देल्ली असती." लोक उठून मंडईत गेले, जिलेबी खाल्ली आणि बहुतेक विसरले.

त्याच थंडीत गावात ताप आला. लेकरं फणफणली, दोन दगावली. माझा बाप तलावात बुडून गेल्यापासून आई एकटीच जाळं टाकायची, मासोळ्या विकायची आणि चालताना स्वतःशीच बोलायची. करणी कुणाची म्हणून पुजाऱ्यानं सुपात तांदूळ पाहिले आणि तलावाकडे बोट दाखवलं. तलावाकडचं शेवटचं घर आमचंच. सकाळी माणसं आली. आई दाराला पाठ लावून उभी आहे, मी तिच्या लुगड्याला धरून. बाहेर काठ्या आपटतायत आणि सगळे आवाज ओळखीचे आहेत, हेच जास्त भयंकर आहे. "काढा तिले भाईर! खाल्ले लेकरं तिनं!" दार पडलं तर आई संपली, एवढं मला त्या वयातही कळत होतं.

तेवढ्यात तुमची सायकल आडवी पडल्याचा आवाज आला. करणी-बिरणी काही नसतं, असं तुम्ही त्यांना सांगत बसला नाहीत, पोलिसांची भीतीही घातली नाहीत. तुम्ही आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या माणसाला विचारलंत, "तू हिले काय म्हणून आवाज देतं रोज?"

"काकी," तो म्हणाला.

"मंग आताबी काकी म्हणून आवाज दे. अन् मंग उचल काठी."

बाहेर काठ्यांचं आपटणं थांबलं. मग तो हळूच म्हणाला, "काकी." आणि आईनं, रोजची सवय, आतून ओ दिली, "काय रे बाबू?" तुम्ही दुसऱ्याला पुढे केलंत, मग तिसऱ्याला. वयनी. मावशी. एकही हाक तिनं खाली पडू दिली नाही. काठ्या केव्हा खाली गेल्या ते मला दिसलं नाही. नंतर तुमचं खेकसणं तेवढं ऐकू आलं, "उभे काऊन राह्यले? बैलबंड्या जुपा, लेकरं दवाखान्यात न्या!"

आई पुढे म्हातारी झाली, गुरुजी. माझ्याच घरी राहिली, मला वरण शिजवता येत नाही म्हणून शेवटपर्यंत बोल लावले आणि झोपेत गेली. इतकं साधं मरण तिला मिळालं ते तुमच्यामुळे. तुमची सिरोंच्याकडे बदली झाली, तिकडूनच तुम्ही वारल्याची बातमी आली, आणि तुमचे पाय धरायचे राहून गेले. ते आज धरते. परवा तो शेवट मी डोळे फाडून पाहिला. भूक, पितर, सगळं तुम्ही पदरचं घातलं होतं, पण एवढं खरं सांगितलं होतं. त्याला खरंच कुणी आवाज दिला नाही.

हे पत्र टाकायचं कुठे? पत्ता असता तरी टाकलं नसतं, कारण एक गोष्ट तुम्हाला कळू नये असं वाटतं. तो शेजारी मागे डोळे दाखवायला चंद्रपूरला आला होता. खूप थकलाय. विचारत विचारत माझ्या दारात पोचला आणि बाहेरून म्हणाला, "बाई, हायेस का वं घरी?" मी आत स्वयंपाकाच्या ओट्यापाशीच होते. दार उघडलं, पाणी दिलं, पोटभर जेवू घातलं, एसटीत बसवून दिलं. पण त्याच्या हाकेला मी ओ दिली नाही.