राघूची मान

लातूर,
३ सप्टेंबर २००३

प्रिय आबेदा,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तू काही लिहायची न्हाईस, म्हणून मीच कागद घेतला. इकडं आम्ही खुशाल. वरच्या मजल्यावर यंदा क्लासच्या सहा पोरी ठेवल्यात. गल्लीत घर तिथं खानावळ न्हाईतर क्लास, पाटी लावायला भिंत उरली न्हाई. मी चित्रकलेची मास्तरीण होते म्हटलं की पोरी विचारतात, काकू, त्याला मार्क किती?

तुझ्या हातचं चित्र बघून दहा वर्षं झाली. डोळे गेले म्हणतेस, आणि तुझा जुबेर परवा कामानं लातूरला आला तेव्हा सांगत होता, अम्मीला तांदळातला खडा उंबऱ्यातून दिसतो. लबाड कुठली!

आता एक सांगते, हसू नकोस. अहमदपूरची ऋतुजा कोपऱ्यातल्या खोलीत राहते. ती म्हणते, भर दुपारी गणितं सोडवताना माळ्यावरून जाड कापडातून दोरा ओढल्यासारखा आवाज येतो. सर्र. मग थांबतो. परत सर्र. मी म्हटलं, उंदीर असेल. काल स्वतः जाऊन बसले. आबेदा, उंदीर न्हाई गं.

माळ्यावर एकच गाठोडं आहे. आपल्या साखराची वाकळ, तुझ्या नातीसाठी, मनतशासाठी, ती जन्मायच्या आधीच शिवायला घेतलेली. भूकंपानंतर साखराच्या नवऱ्यानं, ग्यानोबानं, घराच्या मातीतून काढून माझ्या हातात दिली. मी अजून गाठ सोडलेली न्हाई. साखरा म्हणायची ते आठवतं ना, कड शिवून तोंड बंद झाल्याबिगर वाकळ गावाची शीव ओलांडत न्हाई, आत कुणीतरी अडकून राहतं. मी ती उघड्या तोंडाची आणली की काय, या विचारानं घास उतरत न्हाई.

आणि एक कोडं. विसर्जनाला मी तिला लातूरला बोलावलं होतं. वाकळ झाल्यात जमा होती, आपण दोघींनी गौरीच्या दिवसांत जाऊन पाहिली होती. तरी तिचा निरोप आला, थोडं राहिलंय, उद्या येते. पहाटेच जमीन हलली, तिचा उद्या उजाडलाच न्हाई. काय राहिलं होतं गं? तुला काही बोलली होती का?

सुनेला, नातीला आशीर्वाद. माझी आठवण ठेव.
तुझी,
केवळा


नांदेड,
११ सप्टेंबर २००३

केवळाबाईस आबेदाचा सलाम, घरच्यांना दुआ.

तुझं पत्र येऊन चार दिवस झाले. रोज लिहायला बसते आणि फाडते. जुबेर म्हणतो, अम्मी, कागद कशाला नासून राहिलीस?

साखराचं काय राहिलं होतं, मला ठाऊक आहे. ते माझ्यामुळं राहिलं.

वाकळीच्या मधोमध माझा राघू होता, मी काढून दिलेला. त्याची मान तिनं हवालदारासारखी ताठ शिवली होती. तिच्यासमोर मी वा वा केलं. घरी आले आणि जिवाला चैन पडेना. कार्ड टाकलं की साखरा, मान उसव, राघूनं वळून मागं बघायला पाहिजे, न्हाईतर पोरीच्या अंगावर मुडदा पांघरल्यासारखं दिसेल. व्हय, मुडदा हाच शब्द लिहिला. विसर्जनाच्या चार दिवस आधी.

माझे डोळे शाबूत आहेत, केवळा. हात उचलत न्हाई. पेन्सिल धरली की कागदावर आधी ती मानच येते. दहा वर्षं तू मायेनं चौकशी करतेस आणि मी तुझ्याशी खोटं बोलते. माझी मला लाज वाटते.

तू गाठ सोड. कदाचित तिनं उसवलीच नसेल. ती कुठं माझं ऐकायची? तसं असेल तर लगेच कळव. उसवली असेल तर कळवू नकोस. न्हाई, तरी कळव.

माझ्यावरची माया उरली असेल तर तेवढी राहू दे.
आबेदा


लातूर,
२० सप्टेंबर २००३

प्रिय आबेदा,
स. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून तीन दिवस मनातल्या मनात तुझ्याशी भांडले. लई राग आला. एका राघूपायी बाई गेली, असं मोठ्यानं म्हटलंसुद्धा. ऋतुजा विचारायला आली, काकू, जेवलात का, तर तिच्यावरच खेकसले. चौथ्या दिवशी तिलाच सोबतीला घेऊन गाठ सोडली. आधी मूठभर माती पडली.

खोटं लिहिणार न्हाई. मान उसवली आहे. जुन्या टाक्यांची भोकं दिसतात. आणि त्यावर नवी मान घातली आहे, तिच्या लग्नातल्या हिरव्या लुगड्याची. ते लुगडं ती कुणाला हात लावू देत नव्हती, आठवतं?

आणि तुझं खरं होतं गं. त्याचंच रडू आलं. आधीचा नुसता राघू होता. हा उंबऱ्यात थांबून बघतो, कुणी मागं राहिलं का म्हणून. पुस्तकातून मान वर न काढणारी ऋतुजा त्याच्यासमोर अर्धा तास बसून राहिली. विचारत होती, हे कुणी काढलं. मी म्हटलं, एकीनं काढलं, एकीनं शिवलं.

मान पुरी झाली आहे. कडेला चार बोटं तोंड उघडं आहे. चार बोटं, आबेदा. पाव तासाचं काम.

तुझा दोष न्हाई असं मी म्हणणार न्हाई. तुला ते पटायचं न्हाई. पण माझंही ऐक. विसर्जनाला बोलावताना मी तिला बजावलं होतं, रिकाम्या हातानं येऊ नकोस, वाकळ घेऊनच ये, मला शाळेतल्या पोरींना दाखवायची आहे. वाकळीचं तोंड बंद झाल्याबिगर ती शीव ओलांडणार न्हाई, हे मला माहीत होतं. नुसतं ये म्हटलं असतं तर ती त्या रात्री माझ्याकडं निजली असती. दहा वर्षं हे मी कुणाला सांगितलं न्हाई. तुला कोडं घातलं ते तू माझ्या वाट्याचं ओझं उचलावंस म्हणून. अशी मी.

आवाज अजून येतो. तीस तारखेला, मंगळवारी, भूकंपाला दहा वर्षं पुरी होतात. तू आदल्या दिवशीच्या एस.टी.नं ये, दहा वर्षं टाळलंस ते पुरे झालं. वाकळ साखराच्या जुन्या गावी परत नेऊ. ग्यानोबाला निरोप धाडला आहे, तो घराचं जोतं दाखवील. तिथं, शिवेच्या आत बसून, तोंड बंद करू. मग ती मनतशाची.

पेन्सिल आण. माझ्यावर लोभ असू दे, मला त्याची तुझ्याइतकीच गरज आहे.
तुझी,
केवळा

ता. क. सुई कडेतच आहे, दोरा ओवलेला. मी हात लावला न्हाई. टाका वरून घातलेला आहे, खालून ओढायचा राहिलाय. तो तू ओढ.