हिरवा धागा

मंगळवार, संध्याकाळ, वरठी

आजचं लिहूनच ठेवते.

अजून बाजारात न आलेल्या गाडीचे दरवाजे आम्ही कंपनीत तपासतो. मोबाईल गेटवरच जमा होतात. आज घरी आले तर यांनी त्यांच्या मोबाईलवर फेसबुकवर फिरणारा फोटो दाखवला. "हे पाह्य, तुमचा दरवाजा." खाली लोकांची भांडणं, गाडी बॅटरीची की डिझेलची. माझी नजर मात्र फोटोच्या कोपऱ्यात. दरवाजावर टेकलेला हात, हातमोज्याच्या अंगठ्यावर हिरव्या धाग्याचे टाके. माझेच टाके. यांना ओळखू आले नाहीत.

फोटो माझ्या मागून काढलाय. कामावर माझ्या मागे फक्त सुनंदा बसते. मोबाईल आत नेला कसा तिने? आणि काहून?

साहेब आधी हा हात शोधतील. धागा उसवून टाकावा म्हणून पिशवी उघडली, तेव्हा आठवलं. दुपारी डबा खाताना सुनंदाने न मागता नवे हातमोजे दिले होते. "फाटके कायले घालून राहिली? जुने मले दे."

मी हसत दिले.

हिरवा धागा आता तिच्याकडे आहे, साहेबांना कधीही दाखवता येईल असा, आणि उद्या सकाळी मला रोजच्यासारखं तिच्याच स्कूटीवर मागे बसून जायचं आहे.