पाहुणे म्हणून आलेले मारेकरी

तेल्हारा,
१७ जानेवारी २०२५

चि. शिवम,

ताईचे आशीर्वाद. रिवाज आहे म्हणून लिहिले, मनापासून नाही. आम्ही बरे आहोत. हरभरा चांगला आहे, गाईला वासरू झालं, बाबांचा खोकला कमी आहे. पुढचं फोनवर बोलता आलं नसतं. बाबा दिवसभर ओसरीवरच असतात.

तुझा निरोप मिळाला. तुझा सिनेमा अमरावतीत दाखवणार आणि त्याआधी माझी नि बाबांची लेखी संमती हवी. अभिनंदन. त्याची झलक मला माझ्या मैत्रिणीने, मोनालीने मोबाईलवर दाखवली. तिला बिचारीला वाटलं, मला सगळं माहीत असेल. दोन बिनडोक मारेकरी एका म्हाताऱ्याची सुपारी घेतात आणि माहितीपट काढणारा एकजण कॅमेरा घेऊन त्यांच्या मागे फिरतो. तो म्हातारा म्हणजे आपले बाबा. खोटा माहितीपट म्हणे! खोटे तुम्ही तिघं होतात रे. आम्ही दोघं खरेच होतो.

दिवाळीनंतर तू फोन केलास, "अकोल्याचे दोघं जण आणून राहिलो, घरचं शूटिंग करतो. तुमी नेहमीसारखे राहा." बाकी काही सांगितलं नाहीस, का तर आमच्या चेहऱ्यावर खरे भाव हवेत. मग कॅमेरा घेतलेल्या तुझ्याबरोबर देवीदास आणि गोपाल आले. इस्त्रीचे कपडे, बूट दाराबाहेर. बसल्या बसल्या देवीदासने विचारलं, "घरात कोण कोण असते? शेत किती लांब? कुत्रं गित्रं आहे काय?" मारेकरी टेहळणी करतात, हा तुझा विनोद. पण मुलगी बघायला आलेली माणसं दुसरं काय विचारतात? बाबांना वाटलं, पोराने बहिणीसाठी गोपालचं स्थळ आणलं आणि कॅमेरा आहे तो मुलाच्या आईला दाखवायला. लगबगीने आत येऊन म्हणाले, "दामिनी, साडी नेस. पोहे टाक." आई गेल्यापासून बांधून ठेवलेलं तिचं चांदीचं तबक त्यांनी स्वतः पुसलं.

बाबांचा काय समज झालाय, तुला तेव्हाच कळलं होतं. झलकीत तुझं हसू ऐकू येतं, ते मी ओळखते. तरी तू कॅमेरा बंद केला नाहीस. देवीदास खुशाल म्हणाला, "पोरगी पसंत आहे आमाले." बाबांनी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. साखर ठेवणारा त्यांचा हात तू जवळून घेतलास आणि खाली अक्षरं टाकलीस, 'शिकार जाळ्यात'. लाज कशी वाटली नाही तुला?

आता सिनेमात नसलेलं ऐक. देवीदासने गोपालचं म्हणून अकोल्यातल्या एका प्लायवूडच्या दुकानाचा पत्ता दिला होता. बाबा दोनदा एसटीने जाऊन आले. असं दुकान तिथे कोणाला माहीतच नाही. घरी येऊन म्हणाले, "नवीन असन. कोणाले ठाऊक नसन अजून." मधे बाळापूरहून एक चांगलं स्थळ चालून आलं, मुलगा शाळेत शिक्षक. बाबांनी त्यांना दारातूनच हात जोडले. "आमी शब्द देल्ला आहे," म्हणाले.

मीही त्यांना अडवलं नाही. का, ते लिहायचं नव्हतं. पण लिहिते. पोहे खाताना गोपालने मला विचारलं होतं, "तुमाले वाचाले आवडते काय?" इतकी माणसं येऊन गेली, सगळ्यांनी पुरणपोळी जमते का विचारलं, हे कोणीच नाही. त्याच संध्याकाळी मी बाबांना म्हटलं, माझा होकार आहे. आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, शिवम. आणि त्या प्रश्नाखाली तू लिहिलंस, 'मारेकरी माहिती काढताना'. मोनाली हसली. तिच्यासमोर मीही हसले. त्या हसण्याबद्दल मी तुला कधी माफ करणार नाही.

आत्ता बाबा विचारून गेले, कोणाला लिहितेस. म्हणाले, "शिवमले लिहून राहिली? मंग पावण्यायचं काय झालं ते इचार." विचारलं.

त्यांना मी काही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. तू ये. कॅमेरा अमरावतीतच ठेव. ओसरीवर त्यांच्यासमोर बसून तुझ्या तोंडाने सांग की ते पाहुणे नव्हते, सिनेमातले मारेकरी होते. सगळा विनोद नीट समजावून सांग. बाबा हसले, तर मी लगेच सही करते.

तुमची पसंत पडलेली,
दामिनी