लॅमिनेट केलेली मार्कशीट

बाबा, तुम्ही लॅमिनेट करून आणलेली ती मार्कशीट अजून माझ्याकडे आहे. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, मार्कशीट त्याहून जुनी, पण कागद पिवळा पडलेला नाही की कोपरा दुमडलेला नाही. मागे एकदा तिच्यावर चहा सांडला तर मी फडक्याने पुसून घेतला. कामाच्या बाबतीत तुम्हाला नावं ठेवायला कधी जागाच नव्हती. फक्त ते काम करायचं नव्हतं, एवढंच. ही हकिकत मी आजवर इतक्या जणांना रंगवून सांगितली आहे की माझ्या मुलांनाही ती पाठ झाली आहे. तुम्हाला मात्र ती मी कधी पूर्ण सांगितली नाही, म्हणून आज लिहायला बसले.

आखातात, खोबरच्या आपल्या फ्लॅटमध्ये मी बारावी झाले तेव्हा पुढे काय, हा प्रश्न तिथल्या प्रत्येक घरात असायचा तसा आपल्याही घरात होता. आपल्या मुलांना तिथे पुढचं कॉलेज नव्हतंच म्हणा. ज्यांना मार्क होते ती पुण्या-मुंबईला इंजिनिअरिंगला गेली. मला मार्क नव्हते, पण ह्यूस्टनला मामा होता. म्हणून मी मामाच्या घरी राहून तिथल्या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं काढली आणि इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, जिवंत ठेवायला दर सुट्टीत खोबरला येत राहिले. मंडळाच्या गणपतीत लोक तुम्हाला विचारायचे, कम्युनिटी म्हणजे कोणत्या समाजाचं कॉलेज? तुम्ही शांतपणे सांगायचात, सगळ्या समाजांचं, आणि दुसरा मोदक घ्यायचात. दोन वर्षं संपली. आता पुढच्या दोन वर्षांसाठी युनिव्हर्सिटीत बदली घ्यायची होती, आणि विषय कोणता घेणार हे मी घरी अजून सांगितलं नव्हतं.

ते सांगितलं स्वयंपाकघरात. आई हामूरचे तुकडे तळते आहे, तुम्ही धाहरानहून कंपनीच्या बसने नुकते आला आहात, बुटांचे ठसे दारापासून नळापर्यंत उमटले आहेत. मी म्हणते, क्रिमिनल जस्टिस घेणार. आईच्या हातातला झारा थांबतो. तुम्ही विचारता, म्हणजे चोर पकडायचे? मी सांगते, पोलीस, कोर्ट, तुरुंग, हे सगळं कसं चालतं त्याचा अभ्यास. तुम्ही माशाचा काटा बाजूला काढता आणि म्हणता, त्यासाठी अमेरिकेला कशाला जायला हवं, आमच्या कॅम्पात ये, रोज एकाची चप्पल चोरीला जाते. मग हात धुऊन आल्यावर तुम्ही अट सांगितलीत. ऑगस्ट संपायच्या आत युनिव्हर्सिटीचं पत्र आलं तर जा. नाही आलं तर जुबैलच्या त्या नाशिककरांना होकार कळवायचा, मुलगा पेट्रोकेमिकलमध्ये आहे आणि स्वभावाने गरीब आहे. तो मुलगा मी एकदा सहलीत पाहिला होता. दोन तासांत तो फक्त एकच वाक्य बोलला होता, आणि तेही एअरकंडिशनरबद्दल.

अर्जाला लागणारे बाकीचे कागद तुमच्याकडून हवे होते म्हणून कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट मी हातानेच खोबरला आणली होती. तुम्ही तिला शेवटपर्यंत मार्कशीटच म्हणालात. बंद पाकीट, मागच्या झाकणावर कॉलेजचा शिक्का, आणि खाली ठळक अक्षरात इशारा: हे पाकीट कोणी उघडल्यास आतला कागद रद्द समजावा. सगळे कागद एकत्र करून शनिवारी कुरियरने पाठवायचे होते. गुरुवारी सकाळी, तुमची सुट्टी आणि माझी झोप एकाच वेळी चालू असताना, तुम्ही ते पाकीट घेऊन बाहेर पडलात.

तुमचंही काही चुकीचं नव्हतं. तरुणपणी रत्नागिरीहून मुंबईला जाऊन तुम्ही एका एजंटाच्या हातात आयटीआयचं मूळ सर्टिफिकेट ठेवलं होतंत, ते पुन्हा तुमच्या दृष्टीस पडलं नाही, आणि वेल्डर असून वर्षभर तुम्ही आखातात हेल्पर म्हणून सिमेंटच्या गोण्या उचलल्यात. तेव्हापासून आपल्या घरात मूळ कागद तीन प्रती काढल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे. पलंगाखालच्या सुटकेसमध्ये माझा बालवाडीचा दाखलासुद्धा अरबी भाषांतर आणि गोल शिक्क्यासह ठेवलेला होता. पुढे तुम्ही वेल्डिंग इन्स्पेक्टर झालात, मग तर विचारायलाच नको.

दुपारी मी उठले तर तुम्ही जेवणाच्या टेबलावर सगळं मांडून बसला होतात. मार्कशीटच्या तीन झेरॉक्स. अरबी भाषांतर, त्यावर निळा शिक्का. आणि मधोमध मूळ कागद, जाड प्लास्टिकमध्ये, काचेसारखा चकाकत. तुम्ही तो बोटाने वाजवून दाखवलात. आता पन्नास वर्षं काही होत नाही, म्हणालात. मी जी किंचाळले ती वरच्या मजल्यावरच्या केरळी नर्सबाईंनी खाली फोन करून विचारलं, कोणी गेलं का. मी तुम्हाला पाकिटावरचा इशारा वाचून दाखवला. तुम्ही तो आधीच वाचला होतात. "आत काय आहे ते बघितल्याशिवाय मी आयुष्यात कधी सही केलेली नाही गो," एवढंच तुम्ही म्हणालात. आईने टेबलावरचं सगळं बाजूला सारलं आणि पानं वाढली. मी जेवले नाही.

नवीन ट्रान्सक्रिप्ट मागवायची तर लेखी कारण द्यावं लागणार होतं. शिवाय आपली सुट्टी गुरुवार-शुक्रवार, त्यांची शनिवार-रविवार, म्हणजे दोन्हीकडे ऑफिस उघडं असे आठवड्यातले तीनच दिवस. तुम्ही म्हणालात, कारण मी लिहितो. तुम्ही ते लिहिलंत तुम्हाला येणाऱ्या एकमेव पद्धतीने, पाइपाचा जोड सदोष निघाला की साइटवर भरतात त्या फॉर्मच्या चालीवर, इंग्रजीत, पट्टीने आखून. दोष: पाकीट अनधिकृतपणे उघडले व कागद लॅमिनेट केला. मूळ कारण: वडील. उपाय: नवीन प्रत थेट युनिव्हर्सिटीला पाठवावी. पुन्हा असे घडू नये म्हणून खबरदारी: वडिलांना ताकीद देण्यात आली आहे. खाली सही, इन्स्पेक्टरचा शिक्का, आणि ताकीद कोणी दिली त्या रकान्यात आईची मराठीतली सही.

सोमवारी संध्याकाळी आपण तो फॅक्स करायला खालच्या मल्याळ्याच्या दुकानात गेलो. तिकडे सकाळ होती, ऑफिस उघडलेलं होतं, इकडे मगरिबच्या नमाजाची वेळ होत आली होती. अर्धं पान आत गेलं आणि अजान झाली. दुकानदार म्हणाला, खलास, नमाज के बाद, आणि आपल्याला दोघांना बाहेर काढून त्याने शटर ओढलं. फॅक्स मशीन आत, अर्धं पान मशीनमध्ये, आपण दोघं फुटपाथवर. जुलैचा उकाडा. तुम्ही रुमालाने कपाळ पुसलंत आणि म्हणालात, "तू काळजी करू नको गो. चूक माझ्या नावावर लिहिली आहे ना? मग तुला ते काय करणार?"

मी म्हणाले, "तुमचीच चूक आहे, तर तुमच्याच नावावर लिहिणार ना."

तुम्ही एकदा माझ्याकडे बघितलंत. "हो," म्हणालात, आणि समोरच्या रस्त्यावरच्या गाड्या बघत राहिलात. वीस-पंचवीस मिनिटांनी शटर वर गेलं आणि उरलेलं अर्धं पान ह्यूस्टनला पोचलं.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला तेव्हा कॉलेजातल्या बाई आधी बराच वेळ हसत होत्या. मग म्हणाल्या, तेवीस वर्षांच्या नोकरीत विद्यार्थ्यांनी कुत्र्याचं, पुराचं, घटस्फोटाचं कारण दिलं, पण कोणाच्या बापाने असा दोष लिहून दिला नव्हता. कागद त्यांनी भिंतीवर लावला आणि नवीन प्रत त्याच दिवशी पाठवली. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात प्रवेशाचं पत्र आलं. नाशिककरांना तुम्ही स्वतः फोन करून नाही कळवलंत. मग पत्राकडे बघत हळूच विचारलंत, ह्याचं लॅमिनेशन करू का? आईने पत्र उचलून डब्यांच्या फळीवर ठेवलं.

युनिव्हर्सिटीत पहिल्याच सत्रात पुराव्यावरचा विषय होता. पुरावा कोणाच्या हातून कोणाच्या हातात गेला, त्याची प्रत्येक नोंद हवी. एक नाव गाळलं तरी पुरावा बाद. मी हात वर केला आणि तुमची गोष्ट सांगितली. वर्ग खो खो हसला, प्राध्यापकांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग त्यांनी सहज विचारलं, वडिलांच्या आधी पाकीट कोणाच्या ताब्यात होतं? मी म्हणाले, माझ्या. ते म्हणाले, आणि तेव्हा ते बंद होतं? मी म्हणाले, हो.

नव्हतं, बाबा. खोबरला निघायच्या आदल्या दुपारी मामीच्या स्वयंपाकघरात मी किटलीच्या वाफेवर ते पाकीट उघडलं होतं. स्टॅटिस्टिक्समध्ये डी असता तर युनिव्हर्सिटीने तो विषय धरला नसता, आणि दोन दिवस मला अन्न गोड लागत नव्हतं. सी होता. मी आनंदाने एक पोळी जास्त खाल्ली आणि पाकीट परत चिकटवायला घरात डिंक नाही म्हटल्यावर आई राख्यांची पाकिटं चिकटवायची तसं भाताच्या चार शितांनी चिकटवलं. तांदूळ बासमती होता. नीट धरलं नाही.

तुम्ही गेल्यावर गावी पलंगाखालून ती सुटकेस काढली. माझ्या बालवाडीच्या दाखल्यामागे त्या फॉर्मचा कच्चा खर्डा होता, पेन्सिलीने लिहिलेला, अर्थात तीन प्रतींत. फॅक्स केलेल्या कागदावर नव्हती अशी एक ओळ त्यात सगळ्यांत वर होती: पाकीट आधीच उघडलेले आढळले, जोड भाताचा. तिन्ही प्रतींत ती ओळ तुम्ही पट्टी लावून खोडली होतीत. जन्मभर लोखंडाचे जोड डोळ्यांनी तपासलेल्या माणसाला चार शितं दिसणार नाहीत, असं मला कसं वाटलं कोण जाणे. पाकीट उघडताना तुम्हाला जोड दिसला, की जोड आधीच दिसला आणि ठपका माझ्यावर येऊ नये म्हणून तुम्ही ते उघडलंत, हे कळायला आता मार्ग नाही. लॅमिनेशन मात्र पूर्णपणे तुमचं स्वतःचं, त्याबद्दल मला शंका नाही.

आता मी पुराव्यांच्या खोलीतच काम करते. दिवसभर पाकिटं, पिशव्या, सह्या. जुन्या कागदावर खाडाखोड करायची नाही हा आमचा नियम, म्हणून तुमच्या खर्ड्याला हात न लावता हे वेगळ्या कागदावर लिहिलं. ते सुटकेसमध्ये त्याच्या मागे ठेवते आहे. पाकीट नाही, शिक्का नाही, प्रत एकच. पाकीट मी उघडलं होतं, बाबा. फुटपाथवर तुम्ही "हो" म्हणालात तेव्हा ते मला माहीत होतं, आणि मी गाड्या बघत राहिले.