उभ्या गव्हातून फौज

बाबा, हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, म्हणूनच लिहिता येतंय. तुम्ही होता तेव्हा तोंड उघडलं नाही आणि आता सत्तरी ओलांडल्यावर जीभ वळवळतेय. तुम्ही असता तर म्हणाला असता, "एवढी वर्षं काऊन थांबला बे?"

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. नांदुऱ्याच्या शाळेत मी नवा, कच्चा मास्तर. हेडमास्तरांनी स्पष्टच सांगितलं होतं, छंद-प्रदर्शनाला शिक्षण खात्याचे साहेब येणार, त्यांच्यावर छाप पडली तर तुमचं कायम करण्याचं बघू. तिकिटांच्या वह्या, काडेपेट्यांचे छाप सगळेच मांडत. मला काहीतरी झकास करायचं होतं. चार टेबलं जोडली, वर वाळू पसरली, नदी काढली, जुन्या लढाईच्या रोहिणखेडसारखं एक गाव वसवलं आणि लढाईचा खेळ मांडला. सरकीचे शिपाई, त्यातले निम्मे गेरूनं रंगवलेले. चिंचोके फोडून फासे केले. जितके पांढरे पडतील तितकी बोटं फौज पुढे. दोन्हीकडे तीन-तीन सरदार. शेतं खरी दिसावीत म्हणून आईकडून घटात पेरतात तसा गहू पेरून घेतला होता. आठ दिवसांत काय तरारला होता तो! केवढा मिरवत होतो मी. ती हौसच अंगाशी आली.

सकाळी तुम्ही पिंपळगाव राजाहून गावची पाच माणसं घेऊन आलात. साहेब येण्याआधी एक तालीम होईल म्हणून मी तुम्हा सहा जणांनाच खेळायला बसवलं. पंधरा मिनिटांत सगळं अडलं. तुमच्या फौजेला गव्हातून सरळ वाट होती, चिंचोकेही मनासारखे पडले होते, आणि तुम्ही एकेक शिपाई उचलून बांधाबांधानं नेताय! समोरचे तिघंही तसेच. दोन फौजा बांधावर खोळंबलेल्या आणि सरदार मंडळी गव्हाला पाणी जास्त झालं की कमी, यावर बोलताहेत.

"बाबा, गव्हातून न्या ना."

"उभ्या पिकातून? काऊन?"

"अहो, लढाई आहे ही!"

"असू दे. पीक तुडवलेल्या फौजेले गाव पाणी पाजीन काय? दोन डाव उभी ठेव तिले, मंग समजीन."

माझं डोकंच फिरलं. साहेबांची जीप कधीही येईल आणि इथे शेतीच्या गप्पा! "तुम्हाला खेळातलं काही कळत नाही. उठा तुम्ही," मी म्हणालो. गाववाल्यांसमोर म्हणालो, आणि तेही घरची बोली सोडून, शाळेतल्या शुद्ध भाषेत. तुम्ही हातातली सरकी हळूच वाळूवर ठेवलीत, धोतर झटकलंत. "हाव, उठतो," एवढंच म्हणून बाहेर गेलात. आज लिहितानाही मेल्याहून मेल्यासारखं होतं, बाबा.

दुपारी साहेब खेळायला बसले आणि पहिल्याच डावात त्यांनी फौज गव्हात घातली. रोपं आडवी झाली. गर्दीतून "अरे अरे अरे!" असा आवाज उठला. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "साहेब, आपण पीक तुडवलंत. गाव आता पाणी देत नाही. दोन डाव थांबा."  साहेब मांडीवर थाप मारून हसले, मुकाट थांबले आणि त्या दोन डावांत लढाई हरले.

"वा मास्तर! हा नियम कुणाचा?"

"माझाच, साहेब."

नोकरी कायम झाली. तिच्यावर धाकट्या बहिणीचं लग्न झालं, माझी पोरं शिकली. तो खेळ मी पुढे वर्षानुवर्षं मांडला, त्या नियमासाठी टाळ्या घेतल्या. त्या संध्याकाळी एसटीत तुम्ही शेजारी बसून म्हणाला होतात, "साहेबाले बरं अडवलं तू."  तुम्हाला हे गाववाल्यांकडून कळलं असेल, तुम्ही स्वतः काही तिथे नव्हता, अशी समजूत मी करून घेतली. आईलाही तसंच सांगितलं. माणूस स्वतःला किती गोड फसवतो बघा.

खोटं आहे ते. "माझाच" म्हणण्याआधी मी मान वर केली होती. तुम्ही साहेबांच्या खुर्चीमागे उभे होतात, आणि माझ्याकडे बघून कौतुकानं हसत होतात.