हात नोको लावू

पवनी,
मंडईच्या जत्रेच्या आदल्या आठवड्यात

आदरणीय लिलाधरभाऊ यांस,

अश्वजितचा मनापासून जयभीम. तब्येत बरी आहे ना? पाठीचं दुखणं कसं आहे? हैदराबादच्या ऑफिसातल्या खुर्च्यांना चाकं असतात म्हणे. आपल्या राईस मिलच्या खुर्चीला एक पाय कमी होता, त्यामुळे पाठ ताठ ठेवावीच लागायची आणि दुखायची सोय नव्हती. इकडे सारे मजेत आहेत. रेवताकाकू, म्हणजे तुमच्या मातोश्री, ठणठणीत आहेत. मी दर रविवारी आसगावला चक्कर टाकतो. (त्या जेवल्याशिवाय सोडत नाहीत, हा चक्कर टाकण्याचा उद्देश नव्हे.) फोनच करणार होतो, पण फोन उचलून तुम्ही "मीटिंगमध्ये आहो" म्हणता. पत्राला तसं सांगता येत नाही, म्हणून पत्र.

तर झालं असं. आपले मालक भैय्यालालजी यांचे चिरंजीव भूपेशजी नागपूरहून शिक्षण संपवून आले आहेत आणि त्यांनी मिल सुधारायला घेतली आहे. आधी त्यांनी भिंती रंगवल्या, मग कोंड्याच्या ढिगाची जागा बदलली, आणि मग कोणीतरी त्यांना सांगितलं की धानाच्या ट्रॉल्यांना नंबर देणारा आपला प्रोग्राम बघायला बाहेरच्या मिलवाल्यांना बोलवा, त्यांनाही विकता येईल. भूपेशजींनी प्रोग्राम उघडला आणि तो लिहिताना तुम्ही ओळींच्या मधे मधे टाकलेल्या कॉमेंट त्यांच्या नजरेला पडल्या. त्यांचा चेहरा असा झाला, जणू पाहुण्यांसमोर घरातलं कोणीतरी बनियानवर आलं. मला बोलावून म्हणाले, "हे काय लिहून ठेवलंय? पाव्हणे येतील त काय म्हणतील? सगळं शुद्ध मराठीत करा."

मला शुद्धलेखनाचा लहानपणापासून सोस, हे तुम्ही जाणता. (तुम्हीच म्हणायचे, या पोराला जेवणाच्या ताटातही अनुस्वार दिसतो.) मी आनंदाने बसलो. आसगावला काकूंना सांगितलं की सध्या मोठं जोखमीचं काम आहे, प्रोग्राममध्ये माणसांसाठी जे लिहिलेलं असतं, मशीन जे वाचत नाही, त्यातल्या चुका दुरुस्त करतो आहे. काकू मासे साफ करत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मशीन वाचतच नाही त दुरुस्त कायले करून राहिला बाबू?"

पण भाऊ, काम सुरू केलं आणि पंचाईत झाली. तुम्ही लिहिलं होतं, "इथवर आलो अन् लाईन गेली. बाकीचं उद्या." मी त्याचं "येथपर्यंत आलो असता वीजपुरवठा खंडित झाला" असं केलं. चूक एकही उरली नाही, पण त्या वाक्यातला अंधारही गेला. तुम्ही मोबाईलचा उजेड पाडून धरायचे आणि मी डब्यातले झिंगे शोधायचो, ते सारं मला त्या "लाईन गेली"मध्ये दिसायचं. पुढे होतं, "भैय्यालालजीचा जावई असला तरी मधात नंबर घुसवाचा नाही." त्याचं मी "कोणत्याही व्यक्तीस प्राधान्य देण्यात येऊ नये" केलं. त्याच्याही पुढे, "झिंगे सपले. अस्वजीतनं जास्त खाल्ले." (हे नंबर देण्याच्या प्रोग्राममध्ये कशाला लिहिलं होतं, हे तुम्हालाच माहीत.) मी झिंगे दुरुस्त केले, मग स्वतःचं नावही दुरुस्त केलं. इतकी वर्षं तुम्ही मला त्याच नावाने हाक मारली होती. शुद्ध नावाचा अश्वजित सरकारी कागदावर आहे, पण त्याच्यासोबत बसून कोणी झिंगे खाल्लेले नाहीत. मला तुमची फार आठवण आली, हे इथेच सांगून टाकतो.

शेवटी ती प्रसिद्ध ओळ आली. मशीनला दर नंबरामागे जरासं थांब म्हणणारी. तिच्यावर तुम्ही लिहिलं होतं, "हे काहून लागते मले मालूम नाही. चालून राहिलं त चालू द्या. हात नोको लावू बे." तुम्ही गेल्यापासून त्या ओळीला कोणी हात लावला नव्हता. खुद्द भूपेशजीही ते वाचून माऊस सोडून मागे सरकले होते, हे मी पाहिलं आहे. मी तिथे लिहिलं, "कृपया येथे बदल करू नये." आणि घरी गेलो.

आता आपल्या माणसांचं तुम्हाला माहीतच आहे. ज्या भिंतीवर "कृपया येथे थुंकू नये" लिहिलं असेल, ती भिंत आपण लांबूनही ओळखतो. भूपेशजींनी माझी ती सभ्य पाटी वाचली, मशीन उगाच थांबते कशाला असं मनाशी म्हटलं, आणि ओळ पुसली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या शेतकऱ्यांच्या मोबाईलवर संदेश गेला, आणि प्रत्येकाचा नंबर एक. (मशीनला पुढचा आकडा मोजायला उसंतच उरली नव्हती.)

भाऊ, पुढचं वर्णन करवत नाही. प्रत्येक ट्रॅक्टर पहिला. फाटकात दोन ट्रॉल्या एकमेकींत अडकल्या, मागची रांग पार रस्त्यावर गेली, आणि मागे कोण सरणार? सगळ्यांत पुढे आमचे बाबा, बुधरामजी, ट्रॉलीवर मांडी घालून बसलेले. मी हात जोडले. ते सगळ्या गर्दीला ऐकू जाईल असं म्हणाले, "मी काऊन मागं जाऊ? माया मोबाईलात एक हाय. माया पोरगाच मशीनवर बसते, तो लबाड बोलन काय?" हे ऐकून मागचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. अखेर भैय्यालालजींनी स्वतः खडू घेऊन ट्रॉल्यांवर नंबर टाकले. बाबांचा नंबर बराच मागे लागला, तेव्हापासून घरात आमचं बोलणं कमी आहे.

असो. तुमचं तिकडे काम मोठं, तिथे कॉमेंटही इंग्रजीत आणि धुतलेल्या असतील. आपली आठवण असू द्यावी. मोठ्यांना नमस्कार सांगावा, असं लिहिणार होतो, पण तिकडे तुमच्यासोबत कोणीच नाही हे आता लक्षात आलं. तर स्वतःलाच सांभाळावं.

तुमचा,
अश्वजित
(पुन्हा बदलायचं असल्यास अस्वजीत)

ता. क. : प्रोग्राम अजून बंदच आहे. तुमच्याशिवाय कोणाला जमणार नाही, असं भूपेशजी स्वतः म्हणाले. मागच्या मंडईला तुम्ही आला नाहीत, त्याच्या आधीच्याही नाही. या वेळी या, एक दिवस मशीनपुढे बसा, मग मंडई बघा.

आणखी ता. क. : वरच्या ता. क. मधला मजकूर मला काकूंनी सांगितला आहे. मी "काकूंना बरं नाही" असं लिहिणार होतो. त्या म्हणाल्या, "आई बिमार हाय म्हनशीन त तो पैसे धाडन. मशीन बंद हाय म्हनशीन त स्वता येईन."

शेवटचा ता. क. : जुनी प्रत माझ्याकडे होती. ओळ त्याच संध्याकाळी परत टाकली, तुमच्या सगळ्या कॉमेंटही चुकांसकट जागेवर बसवल्या. तेव्हापासून प्रोग्राम सुरळीत चालू आहे. तुम्ही मात्र बंद आहे असं समजूनच निघा.